बुधवारी काय केलंत ते सांगा, मग नोकरीचं बघू

या वेळी पत्रांचा गठ्ठा नेहमीपेक्षा जाड आहे. दिवाळीत घरी सगळे जमले की कोणीतरी विचारतंच ना, "सध्या काय चाललंय तुझं?", आणि त्या प्रश्नाचा राग लोकं नंतर मला पत्र लिहून काढतात असा माझा अंदाज आहे. हरकत नाही, काढा.

बऱ्याच पत्रांत एकच वाक्य आहे, समाधान देणारी नोकरी हवी, मार्गदर्शन करा. आता मी 19 वर्षं पुण्यात कंपन्यांसाठी माणसं निवडायचं काम केलं, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसून शेकडो लोकांना "टेल मी अबाउट युवरसेल्फ" विचारलं (हा प्रश्न ज्याने काढला त्याला मला एकदा भेटायचंय), आणि त्यातून काही म्हणजे काही कळत नाही हे लक्षात आल्यावर मी दुसरंच विचारायला लागले. गेल्या बुधवारी सकाळपासून काय काय केलंत ते सांगा. सोमवारी सगळेच वैतागलेले असतात, शुक्रवारी सगळेच खूष, म्हणून बुधवार. लोक अडखळायचे. डेझिग्नेशन पाठ असायचं पण दिवस आठवायचा नाही. आणि आठवता आठवता मध्येच कुठल्यातरी बारीकशा गोष्टीपाशी आवाज बदलायचा, माणूस खुर्चीत पुढे सरकून बसायचा. ती गोष्ट मी पॅडच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे, बाकी बायोडेटा गेला चुलीत. खालच्या पत्रांतही मी तेच शोधत बसलेय.

प्रश्न: ताई नमस्कार, मी 37 वर्षांची, नाशिकला राहते. बीकॉम झाल्यावर 7 वर्षं एका सीएंच्या ऑफिसमध्ये अकाउंट्सचं काम केलं. 2016 ला मुलगा झाला तेव्हा सोडलं, मग सासरे आजारी, मग कोविड, असं करत 9 वर्षं गेली. आता परत काम करावं असं फार वाटतं पण मी सोडलं तेव्हा व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्स होता, आता सगळं जीएसटी, मला काहीच येत नाही. मिस्टर म्हणतात कशाला दगदग, काय कमी आहे. सासूबाई काही म्हणत नाहीत पण विषय निघाला की उठून आत जातात. दहा ते चार अशी नोकरी मिळेल का? तशी मी रिकामी नसते, सोसायटीचे हिशोब 3 वर्षांपासून माझ्याकडेच आहेत, पण ते काय, घरचंच काम.

उत्तर: घरचंच म्हणजे कोणाच्या घरचं हो? मेंटेनन्सची बिलं काढायची, थकबाकीवाल्यांच्या मागे लागायचं, लिफ्टची एएमसी (देखभालीचा करार), वॉचमनचा पगार, बँक रिकन्सिलिएशन, सिंकिंग फंडाची एफडी, वर्षाखेरीला ऑडिटरसमोर फाइल घेऊन बसायचं आणि वर 30 सप्टेंबरच्या आत एजीएममध्ये उभं राहून, पार्किंगच्या पट्ट्यांना इतका खर्च कसा आला याची उत्तरं द्यायची. हे 3 वर्षं केलंत आणि पत्रात शेवटच्या ओळीत ढकललंत. बायोडेटात ते सगळ्यात वर घ्या, "संस्थेचे हिशोब आणि वसुली" असं सरळ लिहा. शेजारी राहणाऱ्या माणसाकडून थकलेला मेंटेनन्स वसूल करता येतो म्हणजे अर्धा इंटरव्ह्यू तिथेच झाला.

आणि नोकरी कुठे शोधू, तर पहिलं दार तुम्हाला माहीतच आहे. सोसायटीचं ऑडिट करायला जे येतात त्यांनी तुमच्या वह्या बघितल्यात, तुमचं काम नीट आहे की नाही हे त्यांना कुठल्याही इंटरव्ह्यूपेक्षा जास्त कळतं. त्यांना फोन करा. त्यांच्याकडे जागा नसेल तर त्यांच्या ओळखीत असेल, लहान सीए ऑफिसांना शिकाऊ मुलं मिळतात पण टिकणारी माणसं मिळत नाहीत ही त्यांची कायमची रड असते.

जीएसटीचं म्हणाल तर तो आला 1 जुलै 2017 ला, म्हणजे तुम्ही सोडल्यावर वर्षभरात. पण तुम्हाला असं वाटतंय की बाकीचे सगळे तेव्हा शिकून मोकळे झाले आणि तुम्हीच मागे राहिलात, तर तसं नाहीये हो. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं रूप 2020 ला बदललं, ई-इन्व्हॉइस आलं आणि ते सक्तीचं असायची उलाढालीची मर्यादा खाली येत येत 5 कोटींवर आली, सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचा 12 टक्क्यांचा स्लॅबच गेला, आणि 1961 चा आयकर कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवीन. त्या खुर्चीत बसलेला प्रत्येक जण दर दोन वर्षांनी परत बालवाडीत जातो. डेबिट क्रेडिट मात्र तिथेच आहे जिथे तुम्ही सोडलं होतं. दोन-तीन महिन्यांचा एखादा टॅली-जीएसटीचा क्लास करा, पण क्लासपेक्षा कोणाच्या तरी खऱ्या बिलांवर हात बसवा, विक्रीची बिलं जीएसटीआर-1 या विक्रीच्या रिटर्नला कशी जातात आणि माल विकणाऱ्याने ते भरलं नाही तर 2बी मध्ये, म्हणजे आपल्या खरेदीच्या यादीत, आपलं क्रेडिट कसं दिसत नाही, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की भीती निम्मी होते.

आता दहा ते चार. खरं सांगते, अकाउंट्सच्या माणसाचा दिवस घड्याळावर कमी आणि तारखांवर जास्त चालतो. 7 ला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीआर-1, 15 ला पीएफ, 20 ला 3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न. 20 नंतर जरा श्वास. त्यामुळे रोज दहा ते चार मागण्यापेक्षा असं मागा की 21 नंतर मी चारला निघेन, 5 ते 20 मध्ये सहा वाजले तरी चालतील. असं बोलणारी बाई समोर आली की मालकाला कळतं हिला काम माहितेय.

वर्षाचंही तसंच आहे. जुलै अखेर रिटर्नं, सप्टेंबर अखेर टॅक्स ऑडिट. आणि गौरी-गणपती येतात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये! म्हणजे घरात पुरणाचा घाट आणि ऑफिसात ऑडिटच्या फायली, दोन्ही एकदम. हे आत्ताच घरी बोलून ठेवा. मला वाटतं सासूबाई उठून आत जातात त्याचं कारण तेच असेल, त्यांच्या डोक्यात आत्तापासून प्रश्न असणार की हिने नोकरी धरली तर गौरीचं कोण बघणार, आणि तो प्रश्न त्या विचारणार नाहीत कारण विचारला तर वाईट दिसतं. तुम्हीच काढा विषय. पुरणपोळ्या विकत मिळतात नाशिकला आणि चांगल्या मिळतात.

मिस्टरांना "काय कमी आहे" याचं उत्तर देऊ नका, त्या प्रश्नाला उत्तर नसतं. एक मोठं कालनिर्णय घ्या, त्याच्यावर 7, 11, 15, 20 ला गोल करा आणि त्या दिवशी मुलाचा अभ्यास आणि रात्रीचा कुकर त्यांच्याकडे असं नाव लिहून भिंतीला लावा. पगार सुरुवातीला बघून रडू येईल, 2016 चा आठवेल आणि वाटेल एवढ्यासाठी? पहिलं वर्ष तो पगार नाहीच असं धरून चाला, दुसऱ्या वर्षी बोलायला बसा.

प्रश्न: ताई, मी 29 वर्षांचा, मूळ वाशिम जिल्ह्यातला, बीएस्सी अ‍ॅग्री. 6 वर्षांपासून पुण्यात एमपीएससी करतोय. दोनदा पूर्व निघाली, एकदा मुख्य थोडक्यात गेली. घरी 4 एकर, सोयाबीन, बहिणीचं लग्न अजून व्हायचंय. बाबा महिन्याला पैसे पाठवतात, कसे पाठवतात मला माहीत आहे. गावात गेलो की पारावरची माणसं विचारतात "लागलं का तुहं?" म्हणून आता गावात फक्त फॉर्म भरायचे असले की जातो, पीकविमा एक रुपयात होता तेव्हा दोन सीझन निम्म्या गावाचे फॉर्म मीच बसून भरले, कोणाच्या सातबाऱ्यात नाव चुकलेलं, कोणाचं आधार लिंक नाही, दिवस दिवस जायचा. आता परीक्षा डिस्क्रिप्टिव्ह झाली, म्हणजे पर्याय निवडायचे नाहीत, उत्तरं लिहायची. परत शून्यापासून सुरू करू की सोडू? सोडलं तर 6 वर्षांचं काय? झोप लागत नाही.

उत्तर: तुला तू म्हणते, माझ्या भाच्याएवढा आहेस. झोपेचं आधी. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं असेल तर डॉक्टरला दाखव, सरकारची टेलिमानस म्हणून 14416 ही हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी निम्मी मुलं रात्री छताकडे बघत पडलेली असतात आणि सकाळी अभ्यासिकेत एकमेकांना "मस्त चाललंय" सांगतात, हे मला तिथल्या मेसवाल्या काकूंनीच सांगितलंय.

आता तुझ्या पत्रात एक गंमत आहे. अभ्यासाबद्दल तू तीन ओळी लिहिल्यास, आणि पीकविम्याचे फॉर्म, चुकलेला सातबारा, आधार, याच्याबद्दल तू असा सुटलास की मला वाचताना तुझं गाव दिसलं. तुझा बुधवार तिथे आहे. साहेब व्हायचं ते कशासाठी, गावातल्या माणसाचं अडलेलं काम सुटावं म्हणूनच ना? ते काम तू करून बसलायस, पगार नव्हता एवढंच.

परीक्षेचं बोलू. डिस्क्रिप्टिव्ह पॅटर्न खरं तर 2023 पासून यायचा होता, फेब्रुवारी 2023 ला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली तेव्हा तो 2025 वर गेला, म्हणजे तयारीला वेळ मिळाला होता. गुणवत्तेत धरले जाणारे सात पेपर, प्रत्येकी 250 मार्कांचे, सगळे लिहून. मी तुला एकच विचारते, गेल्या सहा महिन्यांत घड्याळ लावून किती उत्तरं लिहिलीस आणि दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतलीस? आकडा शंभराच्या वर असेल तर एक अटेंप्ट अजून दे, मी नाही म्हणणार नाही. आकडा दहा-वीस असेल, किंवा तपासून कोणी घ्यायचं म्हणून लाज वाटली असेल, तर तू अजून जुनीच परीक्षा देतोयस.

वयाची मर्यादा राज्यसेवेला ओपनला 38 आहे, मागासवर्गीयांना 43, आणि हीच गोष्ट घात करते असं मला वाटतं, कारण दार इतकं उशिरापर्यंत उघडं असतं की माणूस उठतच नाही. पण तेवढ्यात दुसरी दारं बंद होतात त्यांच्याकडे कोणी बघत नाही. बँकेच्या क्लार्कला ओपनची मर्यादा 28, पीओला 30. ग्रामीण बँकांमध्ये ऑफिसर स्केल वनला 30. आणि तू अ‍ॅग्री आहेस! बँकांची भरती करणाऱ्या आयबीपीएसच्या स्पेशालिस्ट ऑफिसरमध्ये अ‍ॅग्रिकल्चर फील्ड ऑफिसर असतो, त्याला तुझीच डिग्री लागते, बीकॉमवाला तिथे येऊच शकत नाही, आणि त्याचीही मर्यादा 30. ओबीसी असशील आणि नॉन क्रीमी लेयर असेल तर 3 वर्षं जास्त, एससी-एसटीला 5. नसशील तर तुझ्याकडे एक वर्ष आहे रे, सहा महिन्यांत बसून बघ. त्यात शेतकऱ्याच्या कर्जाचं काम असतं, बांधावर जाऊन पीक बघावं लागतं, किसान क्रेडिट कार्डाची फाइल करावी लागते. तुझ्या फॉर्मांच्या बुधवारापासून हे फार लांब नाही.

दुसरं एक, ते जरा जपून सांगते. केंद्राची 10,000 शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना 2020 पासून आहे आणि तुमच्या भागात सोयाबीन-तुरीच्या अशा कंपन्या बऱ्याच झाल्यात. त्यांना सीईओ लागतो, अकाउंटंट लागतो, ज्याला सरकारी फॉर्म कळतो आणि शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलता येतं असा माणूस लागतो. पण यातल्या काही नुसत्या कागदावर आहेत, बोर्ड लावलेला आणि शटर बंद. म्हणून जायच्या आधी गोडाऊनला जाऊन ये, मागच्या हंगामात किती क्विंटल माल घेतला आणि शेतकऱ्याला पैसे किती दिवसांत दिले हे दोन शेतकऱ्यांना विचार. पगाराचं बोलणं त्यानंतर.

6 वर्षांचं काय म्हणतोस, तर तलाठी भरतीला 2023 मध्ये चार हजारांच्या वर जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या पुढे गेले. बाकीच्या सगळ्यांची वर्षं वाया गेली असं म्हणायचं का आपण?

बाबांना पूर्व, मुख्य, मुलाखत हे काही कळत नसणार, त्यांना फक्त "अजून नाही" एवढं कळतं. त्यांना एक तारीख सांग. अमुक परीक्षेपर्यंत, त्यानंतर तुमचे पैसे नको. आणि फोनवर नको, गावाला जा, जेवण झाल्यावर ओट्यावर बसून सांग. पारावरून जावं लागेल त्याला इलाज नाही.

प्रश्न: मी 42, चिंचवड. आयटीआय फिटर, 17 वर्षं एकाच कंपनीत मेंटेनन्सला आहे. 3 वर्षांपूर्वी शिफ्ट इनचार्ज केलं. पगार वाढला पण तेव्हापासून नोकरीवर जावंसं वाटत नाही. आधी मशीन बंद पडलं की मला बोलवायचे, आता मशीन बंद का पडलं याचं पीपीटी मी बनवतो. मॉर्निंग मीटिंग, सुधारणांची काइझेन शीट, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री बाराला पण मेसेज. मागच्या आठवड्यात एका व्हीएमसी मशीनच्या फिरत्या स्पिंडलमधून आवाज येत होता, पोरांना जमेना, मी रिपोर्ट बाजूला टाकून हात घातला, तीन तासांत सुरू केलं, आणि साहेबांनी विचारलं रिपोर्ट कुठाय. सोडून स्वतःचं काहीतरी करावं का? बेसिक डीए मिळून 31,200 आहे. घराचा हप्ता 9 वर्षं राहिलाय, मुलगी दहावीत.

(याच पत्राखाली वेगळ्या अक्षरात दोन ओळी आहेत: "ताई, हे घरात बोलत नाहीत. तुम्ही सोडा म्हणालात तर खरंच सोडतील. कृपया.")

उत्तर: वहिनी, आधी तुम्हाला. सोडा असं मी म्हणत नाहीये, पाणी प्या.

दादा, आता तुम्ही. तुमचा बुधवार मला शोधावा लागला नाही, तुम्हीच लिहिलाय, ते तीन तास. आमच्या धंद्यातली ही जुनीच चूक आहे बरं का, मीही केलीय. एखाद्याचा हात चांगला असतो म्हणून त्याला बक्षीस काय देतो आपण, तर तो हात काढून घेतो आणि लॅपटॉप देतो. वर्षाला एक दोन तरी अशी प्रमोशनं माझ्या सहीने गेली असतील आणि त्यातले निम्मे लोक दोन-तीन वर्षांत वैतागून निघून गेले, आणि आम्ही एक्झिट इंटरव्ह्यूला "पर्सनल रीझन्स" असं लिहून फाइल बंद केली.

पैशाचं आधी नीट करू कारण त्याच्यावरच रात्री घरात आवाज चढत असेल. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा बेसिक-डीए भागिले 26 गुणिले 15, गुणिले वर्षं. तुमचं 31,200 भागिले 26 म्हणजे 1,200, गुणिले 15 म्हणजे 18,000, गुणिले 17 म्हणजे 3 लाख 6 हजार. हे तुमचं आहे, कधीही सोडलंत तरी, पाच वर्षं कधीच होऊन गेलीत. पीएफ काढायचा नाही, नवीन ठिकाणी त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, ट्रान्सफर करायचा. पेन्शनच्या स्कीमला 10 वर्षं लागतात, तीही झाली, 58 ला मिळेल, तेही मध्ये हात लावायचं कारण नाही. पण 3 लाख म्हणजे धंद्याचं भांडवल आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, मुलगी दहावीत आणि हप्ता 9 वर्षं म्हणजे ते 3 लाख गाडीचं स्टेपनी आहे, इंजिन नाही.

कंपनीत एक गोष्ट विचारून बघा, जी कोणी विचारत नाही कारण तोंडाला शेण लागल्यासारखं वाटतं. मला परत मशीनवर घ्या. म्हणजे पगार तोच, पण काम टेक्निकल स्पेशालिस्टचं, मोठे ब्रेकडाउन आणि नवीन पोरांना शिकवणं. मॅनेजरला असं सांगा की त्या दिवशी सर्व्हिस इंजिनिअर बाहेरून बोलावला असता तर किती बिल आलं असतं आणि मशीन किती दिवस उभं राहिलं असतं, तो आकडा काढून घेऊन जा. पीपीटीच बनवायची तर ही एक बनवा की! नाही म्हणाले तर भोसरीत जुनी व्हीएमसी-सीएनसी दुरुस्त करणारे, रेट्रोफिटिंगवाले आहेत, मशीन बनवणाऱ्या कंपन्यांना सर्व्हिसला माणसं लागतात. त्यात फिरती असते, आज कोल्हापूर उद्या संभाजीनगर, दहावी होईपर्यंत ते नको.

आणि शिकवायला आवडत असेल तर आयटीआयच्या निदेशकाला सीआयटीएस म्हणून एक वर्षाचा कोर्स असतो. सरकारी भरतीचं वय तुमचं ओपनला निघून गेलंय पण खाजगी आयटीआय आणि कंपन्यांची ट्रेनिंग सेंटरं असतात. वर्षभर पगार सोडून कोर्स करणं आत्ता जमणारं नाही हे मलाही दिसतंय, मुलगी बारावी झाली की परत पत्र लिहा.

रात्री बाराचा मेसेज सकाळी सातला बघितला तर काय होतं हे एक आठवडा करून बघा बरं. बहुतेक वेळा काही होत नाही.

प्रश्न: मी 22, सोलापूर. घरबसल्या डेटा एंट्री, महिना 28,000, सिलेक्शन झालंय असा मेसेज आला. लॅपटॉप आणि ट्रेनिंगसाठी 14,500 रिफंडेबल डिपॉझिट मागतायत, आज रात्रीपर्यंत. भरू का?

उत्तर: नाही. जो पगार देणार तो आधी पैसे मागत नाही, आणि "आज रात्रीपर्यंत" तर अजिबातच नाही. हे पत्र छापून येईपर्यंत भरले असतील तर 1930 ला फोन कर, जितक्या लवकर तितकं बरं, पैसे पुढे सरकायच्या आधी अडवता येतात कधी कधी. आईबाबांना सांग, ओरडतील, सांग तरी. आधार-पॅनचे फोटो पाठवले असशील तर तेही तक्रारीत लिही.

प्रश्न: नमस्कार. मी 61, ठाणे. टेलिफोन खात्यातून निवृत्त. मुलगा-सून दोघं आयटीत, नात 5 वर्षांची. सून घरूनच काम करते पण संध्याकाळ झाली की खोलीचं दार बंद. साडेसहाला मीटिंग असायची तर आम्ही आठला जेवायचो. दिवाळीनंतर तिने परस्पर साडेसातला केली, आता जेवायला नऊ वाजतात, नात तोपर्यंत झोपते. विचारलं तर म्हणते आई माझ्या हातात नाही. सगळं हातात नसतं तर मग नोकरी कसली? आमच्या वेळी स्प्लिट ड्युटी होती, सकाळी चार तास संध्याकाळी चार तास, तरी घर सांभाळलंच. ती म्हणते तिला या कामात समाधान आहे. असेल. मला दिवसभर घरात काय समाधान ते कोणी विचारत नाही.

उत्तर: ताई, तुम्ही माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठ्या, तरी एका बाबतीत सूनबाईची बाजू घेते. ती मीटिंग तिने हलवलेली नाही, अमेरिकेने हलवलीय. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत पुढे नेतात, तेव्हा तुमचं जेवण आपोआप आठवर येईल. मी नोकरीत असताना माझ्याही सासूबाईंना हे पटायचं नाही, घड्याळ काय कोणी हलवतं का, असं म्हणायच्या, आणि बरोबरच आहे, आपल्याकडे कोणी हलवत नाही.

तोवर नातीला साडेसातच्या आत, सात वाजता भरवा आणि त्या वेळी सूनबाईला बाहेर बसायला सांगा, कारण तिचा एक तास आता रिकामा झालाय संध्याकाळचा, तो कुठे जातो हे तिच्याही लक्षात आलेलं नसेल. मोठ्यांनी नऊला जेवावं.

पण मला तुमची ती स्प्लिट ड्युटी डोक्यातून जात नाहीये. सकाळी चार तास, मग घर, मग परत चार तास. त्या मधल्या वेळात आणि संध्याकाळच्या त्या चार तासांत मुलाला कोण बघायचं? पत्रात नाहीये. सासूबाई असतील, किंवा शेजारच्या कोणीतरी. तुम्ही निघताना त्या काय म्हणायच्या, आणि तुम्ही काय उत्तर द्यायच्या?

शेवटचं वाक्य तुम्ही सुनेवर चिडून लिहिलंय पण ते सुनेबद्दल नाहीये. 30-35 वर्षं रोज अनोळखी माणसांशी बोललात, ट्रंक कॉल जोडून दिलेत, पलीकडे कोणी रडतंय कोणी ओरडतंय, आणि आता दिवसभर एका बंद दाराकडे बघताय, त्रास होणारच. तुम्हाला मी नोकरी शोधा असं नाही सांगत. पण तुमचा बुधवार मला हवाय, टेलिफोनमधला, आत्ताचा नको. पाळीवर गेल्यापासून सगळं लिहा, हेडफोन केवढा जड होता, कुठल्या गावचा कॉल लागायलाच बघायचा नाही, बाजूला कोण बसायचं, डब्यात काय असायचं. दोन पानं होऊ देत, चार होऊ देत. पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत आलं तर मी माझी जागा कमी करून छापते, संपादकांना विचारलंय.